काउंटरवर 'पावसामुळे फ्लाइट रद्द, आमची जबाबदारी नाही' असं सांगितलं तर?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. जुलैमधल्या एका पावसाळी रात्री त्यांचे आई-बाबा ८:४०च्या विमानाने मुंबईहून नागपूरला निघाले होते. बॅगा दिल्या, सिक्युरिटी झाली, गेटवर जाऊन बसले. आधी तासभर उशीर, मग आणखी दीड तास, मग 'लवकरच कळवतो' असं करत रात्री दीडला फ्लाइट रद्द झाली. तोवरच्या पाच तासांत दोघांना पाण्याची एकेक बाटली मिळाली. काउंटरवर सांगितलं, "पाऊस आहे, आमच्या हातात काही नाही. उद्या संध्याकाळचं विमान घ्या, नाहीतर क्रेडिट घ्या." दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला घरचा साखरपुडा होता. त्यांनी अंधेरीत ३,२०० रुपयांची खोली घेतली आणि मुलीने सकाळचं दुसऱ्या कंपनीचं तिकीट माणशी ११,२०० रुपयांना काढलं. मूळ तिकीट माणशी ५,६४० रुपयांचं होतं. कंपनीच्या एसएमएसमध्ये मात्र पावसाचा उल्लेख नव्हता, 'ऑपरेशनल कारणांमुळे' असं लिहिलं होतं. आणि त्याच रात्री सव्वादहा आणि अकराच्या सुमारास दुसऱ्या कंपन्यांची नागपूरची विमानं सुटल्याचं ताईंनी ॲपवर पाहिलं. आता यातलं काय परत मिळू शकतं, असं त्या विचारतात.

ताई, तो एसएमएस जपून ठेवा. स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असा, आणि ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. तुमचं निम्मं प्रकरण त्या एका ओळीत आहे. वकिलीत येण्याआधी काही वर्षं मी सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर, एका विमान कंपनीच्या प्रवासी काउंटरवर काम केलं. पावसाळ्यात तिथे 'वेदर' हा शब्द किती सहज तोंडात येतो ते मला माहीत आहे. तो ऐकला की प्रवासी गप्प होतात, कारण पावसाशी कोण भांडणार? पण नियमात पाऊस हे काही सगळे हक्क पुसून टाकणारं कारण नाही. काही हक्क पावसातही तसेच राहतात. आणि जे जातात, ते त्या विशिष्ट विमानाला पावसानेच रोखलं असेल तरच जातात.

नियम कुठला, ते आधी सांगतो, म्हणजे पत्रात नाव घालता येईल. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, 'सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स' आहेत. त्यातला विभाग ३, मालिका एम, भाग ४ हा बोर्डिंग नाकारणं, उड्डाण रद्द होणं आणि उशीर होणं यासाठी आहे. २०१० साली तो आला आणि पुढे वेळोवेळी सुधारला गेला. काउंटरवरच्या माणसाला 'डीजीसीएचा नियम आहे' एवढंच म्हटलं तर तो मान डोलावतो. 'मालिका एम, भाग ४' म्हटलं की तो ड्युटी मॅनेजरला बोलावतो. हा फरक मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेला आहे.

उड्डाण रद्द झालं तर निवड प्रवाशाची असते: प्रवाशाला मान्य असेल असं पर्यायी विमान, किंवा पूर्ण पैसे परत. मान्य असेल असं, हे शब्द महत्त्वाचे. कंपनीने पुढे केलेलं संध्याकाळचं विमान तुमच्या आई-बाबांच्या उपयोगाचं नव्हतं, तेव्हा ते नाकारणं हा त्यांचा हक्क होता. ते विमान नाकारलं की उरतो रिफंड, आणि रिफंड म्हणजे पैसे. क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच राहिलेली रक्कम, घ्यायचं की नाही हे प्रवासी ठरवतो, कंपनी त्याच्यावर लादू शकत नाही. हा हक्क पाऊस असो, धुकं असो की संप असो, कशानेही जात नाही. तेव्हा माणशी ५,६४० रुपये तुमचे आहेतच, कर आणि शुल्कांसकट. कार्डाने भरलेले असतील तर सात दिवसांत परत यायला हवेत. एजंटामार्फत तिकीट काढलं असेल तरी जबाबदारी विमान कंपनीचीच, 'एजंटाला विचारा' हे उत्तर चालत नाही.

आता भरपाई. रद्द होणार असल्याचं कंपनीने निदान २४ तास आधी कळवलं नसेल, तर तिने मान्य होईल असं पर्यायी विमान द्यायचं, नाहीतर पूर्ण रिफंड आणि वर भरपाई द्यायची. हा 'नाहीतर' नीट लक्षात घ्या. पर्यायी विमान स्वीकारलं की सहसा भरपाईचा दावा संपतो. म्हणून रात्री दीड वाजता डोळ्यांवर झोप असताना मोबाइलवर आलेल्या लिंकवरचं बटण दाबू नका. त्या लिंकवर 'दुसरी फ्लाइट' आणि 'क्रेडिट' ठळक असतात, रिफंडचा पर्याय बऱ्याचदा खाली शोधावा लागतो. तुम्ही लिहिलंय की आईंनी त्या लिंकवर काहीच निवडलं नाही. फार चांगलं झालं.

भरपाईची रक्कम वेळापत्रकातल्या उड्डाणाच्या कालावधीवर ठरते. एका तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. पण ही वरची मर्यादा आहे. एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यापेक्षा कमी असेल तर ती कमी रक्कम मिळते. मुंबई–नागपूर दोन तासांच्या आतलं, म्हणजे ७,५००च्या गटातलं. तुमच्या तिकिटावर मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून ४,७०० दिसतंय, म्हणून माणशी ४,७०० रुपये. मुंबई–दिल्ली असतं तर वरची मर्यादा १०,००० झाली असती, पण स्वस्त तिकिटाला तिचा उपयोग होत नाही.

एक अट अनेकांना नडते. बुकिंगच्या वेळी संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई मागता येत नाही. ऑफिसमधल्या ॲडमिनने किंवा सोसायटीजवळच्या ट्रॅव्हल एजंटाने तिकीट काढताना स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, रद्द झाल्याचा एसएमएस त्याला जातो आणि प्रवासी विमानतळावर पोचतो. तिकीट हातात आलं की त्यावर आपला नंबर आहे का, हे आधी बघा.

आता मूळ वाद. कारण पावसाचं होतं का?

भरपाईतून सूट मिळते ती दोन प्रकारच्या कारणांना. एक म्हणजे नैसर्गिक आपत्ती, पूर, दंगल, राजकीय अस्थिरता, संप, सरकारी आदेश यांसारखी असाधारण परिस्थिती. दुसरं म्हणजे हवामान, एअर ट्रॅफिक कंट्रोल, सुरक्षेचा धोका यांसारखी कंपनीच्या आवाक्याबाहेरची कारणं, आणि रद्द होणं किंवा उशीर त्यांच्यामुळेच झाला हे स्पष्ट दिसायला हवं. कारणाचा संबंध तुमच्या विमानाशी जुळला पाहिजे. शहरात पाऊस पडत होता, एवढ्याने भागत नाही.

मुंबईत पावसाने विमान अडतं ते कसं? दृश्यमानता घसरते, वारा आडवा होतो, विमानं घिरट्या घालतात, काही अहमदाबाद किंवा हैदराबादकडे वळवली जातात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि अर्धा तास काम थांबलं तरी रांग लांबते. हे खरं आहे आणि त्यासाठी कंपनीला दोष देता येत नाही. पण जोर ओसरला की विमानं सुटायला लागतात. त्या रात्री सव्वादहाला नागपूरचं विमान सुटलं, म्हणजे तोवर इथली धावपट्टी चालू होती आणि नागपूरही उतरण्याजोगं होतं. तुमच्या विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर ॲपवर शोधला असता ते मुंबईत साडेनऊलाच आलेलं दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. विमान हजर, धावपट्टी चालू, पलीकडचा विमानतळ चालू. मग साडेनऊ ते दीड या चार तासांत थांबले होते कशासाठी? बाबांनी सांगितलेलं वाक्य इथे जुळतं. सव्वाबाराला गेटवरची मुलगी म्हणाली होती, "क्रू येतोय."

वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे, आणि ती असलीच पाहिजे. थकलेल्या वैमानिकाने विमान उडवू नये यातच सगळ्यांचं भलं आहे. संध्याकाळच्या पावसात आधीची फ्लाइट लांबली, क्रूचे तास संपले आणि पुढचं विमान रद्द झालं, अशी साखळी कंपनी मांडते आणि तिला शेवटी 'वेदर' म्हणते. माझ्या मते मुंबईसारख्या मोठ्या तळावर हे मान्य करता कामा नये. पावसाळा जूनमध्ये येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. जिथे कंपनीचा क्रू राहतो तिथे राखीव क्रू किती ठेवायचा हा नियोजनाचा, म्हणजे खर्चाचा प्रश्न आहे. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ती याच क्रूच्या नियोजनावरून. ड्युटी आणि विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला आणि रोस्टर, म्हणजे क्रूच्या ड्युटीचं वेळापत्रक, अपुरं पडलं. तेव्हा सरकारने रिफंडसाठी तारीख-वेळ बांधून दिली आणि भाड्यांवर कमाल मर्यादाही घातली.

कागदावर हे शोधायची एक जागा आहे, ती सहसा प्रवाशांना माहीत नसते. प्रत्येक उशिराची नोंद कंपनी दोन आकडी कोडने करते आणि हे कोड जगभर सारखे आहेत. ७१ म्हणजे निघण्याच्या ठिकाणचं हवामान, ७२ म्हणजे पोचण्याच्या ठिकाणचं. ९३ म्हणजे आधीच्या फेरीवरून विमान उशिरा आलं. ९५ म्हणजे दुसऱ्या फ्लाइटवरून येणाऱ्या क्रूची वाट पाहिली. ४१ म्हणजे विमानात बिघाड. काउंटरवर काहीही सांगितलं गेलं असलं तरी त्या रात्रीच्या नोंदीत कुठला तरी कोड पडलेला असतो. पत्रात थेट विचारा: या फ्लाइटच्या विलंबासाठी आणि रद्द होण्यासाठी कुठले कोड नोंदले गेले? कंपनी कदाचित उत्तर देणार नाही. पण प्रकरण ग्राहक आयोगात गेलं की आयोग ती नोंद हजर करायला सांगू शकतो, आणि 'आम्ही आधीच विचारलं होतं, उत्तर दिलं नाही' हे तुमच्या बाजूने उभं राहतं.

आता खाण्यापिण्याचं आणि राहण्याचं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर वाट पाहण्याच्या वेळेनुसार जेवण, नाश्ता द्यायचा. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला हीच मर्यादा तीन तासांची, त्याहून लांबच्याला चार तासांची. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळात सुटणाऱ्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल, किंवा एरवी चोवीस तासांपेक्षा जास्त, तर हॉटेल आणि तिथे नेण्या-आणण्याची सोय. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, यातली निवडही तुमची. नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई मात्र आपल्या नियमात नाही. ही मोठी उणीव आहे असं मी मानतो.

दुसरी उणीव अशी की उशिराच्या कलमात असाधारण परिस्थितीत या सोयींमधूनही सूट मागण्याची वाट कंपनीला ठेवलेली आहे, सगळी वाजवी काळजी घेऊनही प्रसंग टळला नसता तर. पण दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. तुमची फ्लाइट शेवटी रद्द झाली, आणि विमानतळावर हजर झालेल्या प्रवाशाला रद्द झाल्यानंतर पुढच्या विमानाची वाट बघताना जेवण आणि गरज असेल तर हॉटेल देण्याची तरतूद वेगळी आहे. दुसरी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाची. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीच्या धुक्यात हैदराबादचं विमान तासन्‌तास अडकलं होतं. ते प्रकरण वर गेलं आणि २०११ मध्ये निकाल लागला. धुक्यामुळे झालेल्या उशिरासाठी कंपनी दोषी नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि त्या प्रवाशाला भरपाई मिळाली नाही. पण त्याच निकालात असंही सांगितलं की प्रवासी कंपनीच्या ताब्यात अडकलेला असताना त्याची किमान काळजी घेणं हा हवाई सेवेचाच भाग आहे आणि स्वस्त दरांच्या कंपन्यांनाही त्यातून सुटका नाही. पाच तासांत पाण्याची एकेक बाटली, तीही सत्तरीतल्या माणसांना, ही किमान काळजी होत नाही. पत्रात हे स्पष्ट लिहा. बाबांना मधुमेह आहे असं तुम्ही म्हणता, तेही लिहा.

'तुम्ही मुंबईचेच, घरी जा' असं स्थानिक प्रवाशांना नेहमी सांगतात. रात्री दीडला डोंबिवलीला जायला लोकल नसते. तेव्हा अंधेरीची खोली ही चैन नव्हती, गरज होती. ३,२०० रुपयांचं बिल आणि तिथवरच्या रिक्षाचं भाडं मागा.

महाग तिकिटातला फरक, म्हणजे माणशी ५,५६० रुपये, हा डीजीसीएच्या नियमात बसत नाही. तो सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे मागावा लागतो, आणि तो मिळणं कारण सिद्ध होण्यावर अवलंबून असेल. मागा जरूर, पण त्या रकमेवर घरचा हिशेब बांधू नका. मानसिक त्रासासाठीही आकडा वाजवी ठेवा. पाच लाख मागितले की आयोगाचं लक्ष तुमच्या पक्क्या मागण्यांवरून उडतं.

आपल्याकडून एक गोष्ट कधीही करू नये: कंपनीने रद्द करण्याआधी आपणच वैतागून तिकीट रद्द करणं. तसं केलं की कंपनीच्या लेखी तुम्ही प्रवास सोडलात, रद्द करण्याचं शुल्क कापलं जातं आणि भरपाईचा प्रश्नच उरत नाही. उशीर सहा तासांच्या वर जातोय असं दिसलं तर काउंटरवर किंवा कस्टमर केअरला लेखी रिफंड मागा. ॲपवरच्या 'कॅन्सल'ला हात लावू नका.

याच विषयावर येणारे बाकीचे प्रश्न भराभर उरकतो. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे बोर्डिंग नाकारलं, तर आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी शोधायचे. तसे मिळाले नाहीत आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर २४ तासांच्या आतल्या पर्यायासाठी मूळ भाडं व इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्यापुढे गेलं, किंवा पर्याय नको असेल, तर चौपट, कमाल २०,०००. जोडविमान चुकलं तर दोन्ही फेऱ्या एकाच तिकिटावर असतील तरच हक्क. नागपूर–मुंबई एका कंपनीचं आणि पुढचं दुबईचं वेगळं काढलेलं असेल, तर पहिल्या कंपनीवर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी येत नाही, म्हणून मध्ये भरपूर वेळ ठेवा. पर्यायी तिकीट हातात आलं की विमानतळाचं नावही वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली आहेत आणि मध्यरात्री सहारहून तिथे पोचणं ज्येष्ठांना सोपं नाही. ते मान्य नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

परदेशी जाणाऱ्यांसाठी: युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणारं कुठलंही विमान तिथल्या नियमात येतं, आणि तिकडे जाणारं विमान युरोपीय कंपनीचं असेल तरच येतं. म्हणून एअर इंडियाचं फ्रँकफर्ट–मुंबई त्यात बसतं, मुंबई–फ्रँकफर्ट बसत नाही. लुफ्तान्साचं दोन्ही बाजूंनी बसतं. एवढ्या अंतराला, कंपनीच्या कारणाने चार तासांहून जास्त उशिरा पोचलात तर ६०० युरो. तिथे हवामान खराब असलं तरी जेवण-हॉटेल द्यावंच लागतं. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश बंद पडलं, त्यातल्या एका प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये हेच सांगितलं.

तक्रारीचा क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, ईमेल, मग तिच्याच अपील अधिकाऱ्याला. दोघांची नावं आणि पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करता येते. डीजीसीए कंपनीला दंड करू शकतं, पण तो दंड तुमच्या खात्यात येत नाही. तुमच्या पैशांचा आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो, म्हणून तुम्हाला ठाणे जिल्हा आयोग चालेल. तिकिटाच्या अटींत दुसऱ्या शहराच्या न्यायालयाचं नाव असलं तरी घाबरू नका. सेवेसाठी तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची, अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो आणि वकील सक्तीचा नाही. पैसे तुम्ही भरले आणि प्रवास आई-बाबांनी केला, यानेही अडत नाही. तुमच्या संमतीने सेवा घेणारे तेही कायद्याने ग्राहकच.

या आठवड्यात नोडल अधिकाऱ्याला एक पान लिहा. पीएनआर, तारीख, वेळांचा क्रम. मग मागण्या आकड्यांत: रिफंड ११,२८०, भरपाई ९,४००, खोली ३,२००, रिक्षा, तिकिटांतला फरक ११,१२०. सोबत एसएमएस, बोर्डिंग पास, बिलं आणि इतर विमानं सुटल्याचे स्क्रीनशॉट. शेवटी विलंबाच्या कोडचा प्रश्न. उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. त्यांचं उत्तर आलं की कारण म्हणून त्यात नेमकं काय लिहिलंय ते मला कळवा, आयोगाच्या अर्जाचा मसुदा त्यावरून ठरवू.